दमट हवेच्या देशात जाताना बॅग कशी भरावी : मराठवाड्यातून प्रथमच निघणाऱ्यांसाठी

परभणी, बीड किंवा लातूरच्या माणसाला उन्हाचे काय कौतुक? मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तरी आठवडी बाजार भरतो आणि लग्नाच्या वराती निघतात. त्यामुळे सिंगापूर, बँकॉक किंवा बालीला जायचे ठरले आणि मोबाइलवर तिथले तापमान बत्तीस-तेहेतीस अंश दिसले, की घरात सगळ्यांना हायसे वाटते आणि तिरुपतीला किंवा पंढरपूरला जाताना जे कपडे, जे खाणे आणि ज्या चपला आपण नेतो, तेच सारे बॅगेत भरले जाते. आमच्या कुटुंबाच्या पहिल्या परदेशप्रवासात आम्हीही असेच केले आणि आठ दिवस त्याचा त्रास सोसला. त्यानंतर परभणीतील ओळखीची बरीच कुटुंबे निघण्यापूर्वी काय न्यावे हे विचारायला घरी येत असतात. त्यांना जे सांगतो, ते कारणांसह येथे मांडत आहे.

आधी हवा समजून घ्यावी

आपल्या घरचा कूलर आठवावा. एप्रिल-मेमध्ये त्याच्या ओल्या जाळीतून येणारा वारा खोली गार करतो, कारण बाहेरची हवा कोरडी असते आणि जाळीतील पाण्याची वाफ झपाट्याने होते. मृगाचा पाऊस पडून गेला की तोच कूलर कितीही पाणी घातले तरी गारवा देत नाही, उलट अंथरूण-पांघरूण चिकट होते. घाम हा आपल्या शरीराचा कूलरच आहे. मराठवाड्यात मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते, तेव्हा घाम आला तरी तो लगेच वाळतो आणि अंग थंड राहते. सिंगापुरात वर्षभराची सरासरी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून तेथील तेहेतीस अंश आपल्या अडतीस-चाळीस अंशांपेक्षा जड वाटतात, आणि हे निघण्यापूर्वी कोणी सांगितले नसेल तर पहिल्याच दुपारी माणूस गळून जातो.

जी हवा घाम वाळू देत नाही, ती कपडाही वाळू देत नाही, बूटही वाळू देत नाही आणि डब्यातला चिवडाही कुरकुरीत राहू देत नाही. बॅग भरताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन हे भिजले तर किती वेळात वाळेल आणि सादळले तर काय होईल, एवढे दोन प्रश्न विचारावेत. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

पहिली पायरी : जाण्याच्या महिन्यात तिथे पाऊस असतो का

मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सिंगापुरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि तो बाराही महिने केव्हाही येतो. थायलंडच्या बहुतेक भागात साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा असतो, म्हणजे शाळेच्या सुट्टीत मेअखेरीस जाणाऱ्यांना तो नेमका गाठतो. बालीत याउलट एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आहे आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामच्या दा नांगला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे आपल्या जून-जुलैत सौम्य हिवाळा असतो, तेव्हा संध्याकाळसाठी एखादे गरम कापड लागते. दुबईत पावसाची चिंता नाही, परंतु जून ते सप्टेंबर चाळीस अंशांच्या वरचे ऊन आणि समुद्राची दमट हवा या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर या काळात दुबईला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाचा महिना असेल तर प्रत्येकी एक घडीची छत्री घ्यावी. जाड रेनकोट नेऊ नये, कारण त्याच्या आत घामाने माणूस पावसापेक्षा जास्त भिजतो.

दुसरी पायरी : वजन

तिकिटावर दोन आकडे छापलेले असतात, एक चेक-इन बॅगेचा आणि दुसरा हातातील बॅगेचा. हातातील बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते. चेक-इन बॅगेला आंतरराष्ट्रीय तिकिटावर २० ते ३० किलो मिळतात, परंतु स्वस्त तिकिटांत कधी कधी चेक-इन बॅग धरलेलीच नसते आणि ती पैसे भरून आधी घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईपर्यंत वेगळ्या तिकिटाने विमानाने जाणाऱ्यांनी विशेष सावध असावे. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोच मिळतात, त्यामुळे पुढचे तिकीट ३० किलोचे असले तरी बॅग १५ किलोतच बसवावी लागते. देवगिरी एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

वजन अंदाजाने ठरवू नये. किराणा दुकानात किंवा भुसार माल घेणाऱ्या आडत्याकडे जो ताणकाटा असतो, त्याला बॅग टांगून आकडा वाचावा. जाताना दोन-तीन किलो कमीच असावे, कारण ओले कपडे आणि नातेवाइकांसाठी घेतलेल्या वस्तू येताना वजन वाढवतात.

तिसरी पायरी : कपडे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्या पहिल्या प्रवासात धाकट्या भावाने तीन जीन्स घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोटीत एक भिजली. परभणीत गच्चीवरच्या तारेवर टाकलेली जीन्स मे महिन्यात दोन तासांत कडक वाळते, म्हणून त्याने ती रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात पिळून टांगली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय वाळले होते, पण कंबरेची पट्टी आणि खिशांचे अस्तर हाताला ओलेच लागत होते, आणि कुबट वास सुटला होता. तशीच ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पुढच्या शहरात न्यावी लागली, आणि पिशवीतल्या इतर कपड्यांनाही तो वास लागला. एक जीन्स, तीही विमानातल्या गारठ्यासाठी अंगावर घालून जावी, याहून अधिक नको.

बाकी कपडे पातळ सुती, लिनन किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे असावेत. सुती कपडा सुखद असतो हे खरे, पण जाड सुती कपडा घाम शोषून घेतो आणि तिथे वाळत नाही. कपडा घट्ट पिळून, पंख्याखाली टाकून रात्रभरात वाळतो की नाही, याची परीक्षा घरी पावसाळी दिवशी घेता येते. आठ दिवसांसाठी पाच शर्ट किंवा कुर्ते, दोन सैल पँट आणि गुडघ्यापर्यंतची एक अर्धी पँट पुरतात. आतले कपडे मात्र रोजच्या दोन जोड्या धरून घ्यावेत, कारण घामाने भिजलेला आतला कपडा दिवसभर अंगावर राहिला की मांड्या आणि काखा घासून सोलवटतात आणि गजकर्ण होते. चालताना मांड्या घासत असतील तर आत गुडघ्यापर्यंतची पातळ सुती चड्डी घालावी आणि सकाळी टाल्कम पावडर लावावी.

साडीच नेसणाऱ्या आई-आजींसाठी व्हॉइलच्या किंवा मलमलच्या हलक्या साड्या घ्याव्यात. इरकल लुगडे अंगाला कितीही सवयीचे असले तरी ते वाळायला दीड दिवस घेते, म्हणून ते घरी ठेवावे. नऊवारी नेसणाऱ्या बायका कासोट्यामुळे बोटीच्या शिडीवरून सहज चढतात, याउलट पाचवारीचा घोळ पायात येतो. ज्या दिवशी बोटीने बेटावर जायचे असेल त्या दिवशी पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो, आणि तो चालत नसेल तर साडी थोडी वर खोचून आत लेगिंग घालावी.

प्रत्येकाकडे तीन मोठ्या सुती दस्त्या (रुमाल) असाव्यात, एक वापरात, एक धुतलेली आणि एक कोरडी. जाड टॉवेल नेऊ नये. बहुतेक हॉटेलांत तो मिळतोच, आणि समुद्रकिनाऱ्यासाठी आपला पंचा त्याच्याहून चांगला, कारण तो पिळला की अर्ध्या तासात वाळायला लागतो. आपण उन्हात कान-डोके रुमालाने घट्ट बांधतो ते गरम झळांपासून वाचण्यासाठी. दमट हवेत त्या रुमालात घाम कोंडतो, म्हणून तिथे कडेने रुंद असलेली हलकी टोपी किंवा छत्री घ्यावी.

मंदिरांचा विचारही येथेच करावा. बँकॉकच्या राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत स्त्रियांना डोके झाकावे लागते आणि पायघोळ कपडे घालावे लागतात. बालीतील मंदिरांत कमरेला सरोंग (लुंगीसारखे वस्त्र) व त्यावर पट्टा बांधावा लागतो. एक मोठी सुती ओढणी आणि एक सैल पूर्ण पँट जवळ असली की बहुतेक ठिकाणी निभावते.

बाहेर घाम आणि आत कडाक्याचा एसी, ही तिथली रोजची स्थिती आहे. मॉलमध्ये, मेट्रोत आणि पर्यटकांच्या बसमध्ये ओल्या अंगाने बसले की अर्ध्या तासात हुडहुडी भरते. प्रत्येकाने पूर्ण बाह्यांचा एक पातळ सदरा किंवा शाल पाठीवरच्या पिशवीत कायम ठेवावी. ती मोठ्या बॅगेत हॉटेलवर राहिली तर तिचा काही उपयोग नाही.

चौथी पायरी : पाय

दोन जोड्या पुरेत. एक रबराच्या तळाची, मागून पट्टा असलेली सँडल, जी भिजली तरी हरकत नाही. दुसरी चालण्याचे हलके बूट, किमान पंधरा दिवस घरी वापरून पायात बसलेले. कातडी कोल्हापुरी चप्पल भिजली की तिच्यावर बुरशी चढते. मंदिरांत वारंवार पादत्राणे काढावी लागतात, त्यामुळे नाडीच्या बुटांपेक्षा सँडलच जास्त वापरली जाते.

पाचवी पायरी : औषधे आणि अंगाला लावायच्या वस्तू

रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती सर्वच्या सर्व हातातील बॅगेत ठेवावीत. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत. पट्टीवरचे नाव आणि डॉक्टरांची चिठ्ठी जुळली पाहिजे, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव व रुग्णाचे पासपोर्टवरील नाव इंग्रजीत लिहून घ्यावे. हे केवळ औपचारिक नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि काही वेदनाशामकांत ट्रामाडॉल, आणि संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत. ती न्यायची असतील तर तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. शेजाऱ्यांनी तिकडच्या मुलासाठी दिलेले औषधाचे पाकीट, आत काय आहे हे पाहिल्याशिवाय कधीही बॅगेत टाकू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते चेक-इन बॅगेत मुळीच ठेवू नये, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या आपल्या कोरड्या हवेत चांगले काम करतात, पण दमट हवेत त्यांची गत जूनमधल्या कूलरसारखी होते. म्हणून हॉटेलच्या खोलीत फ्रिज आहे ना हे आधी विचारून घ्यावे आणि बाहेर फिरताना जेलच्या पॅकची लहान पिशवी वापरावी. जेलचा पॅक इन्सुलिनला थेट चिकटू देऊ नये, मध्ये कापड ठेवावे.

ओआरएसची पाकिटे प्रत्येकी सहा घ्यावीत. घाम निथळत राहिल्यामुळे पाण्याबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी पिऊन थकवा हटत नाही. पाकिटावर एक लिटर लिहिलेले असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारे मलम सकाळीच लावायचे असते आणि त्याची ट्यूब हाताशी असावी.

उन्हाचे मलम एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. आपल्याकडच्या पुरुषांना ते लावण्याचा संकोच वाटतो, परंतु बोटीत पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन हनुवटीखालीही भाजते. थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळांना घातक ठरणाऱ्या चार रसायनांच्या मलमांवर बंदी घातली आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यांतली दोन नावे, तेवढी विकत घेताना वेष्टनावर शोधून टाळावीत.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे सोडली तर हातातील बॅगेतील कोणताही द्रवपदार्थ, मलम किंवा जेल १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीतच हवा आणि अशा सर्व बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसाव्यात. बाटली १५० मिलिलिटरची आणि आत मलम अर्धेच, तरी ती काढून घेतात.

सहावी पायरी : खाणे

दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी हा आपला प्रवासाचा आधार. दुधात भिजवलेल्या दशम्या आपल्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस सहज टिकतात. आम्ही तशाच कापडात बांधून नेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठोडे सोडले तेव्हा मधल्या दशमीवर पांढुरकी लव धरलेली होती आणि आईने रात्री जागून केलेले ते सगळे फेकावे लागले. तिच्या चेहऱ्यावरचे भाव आजही आठवतात. म्हणून धपाटे आणि दशम्या फक्त गाडीसाठी आणि पहिल्या दिवसासाठी कराव्यात. पुढच्या दिवसांसाठी मेतकूट, सातूचे पीठ, भाजून केलेली कोरडी चटणी आणि येसर (आमटीसाठीचे मसालेदार पीठ) न्यावे. येसर केटलमधल्या गरम पाण्यात कालवले आणि भात मिळाला की आमटी-भाताची आठवण भागते. चिवडा एका मोठ्या डब्यात न भरता रोजच्या वाटणीच्या लहान झिपच्या पिशव्यांत भरावा. एकदा उघडलेला डबा तासाभरात सादळतो.

काही पदार्थांबाबत कायदा कडक आहे. खसखस आपल्या अनारशांवर असते, मसाल्यात असते आणि आपल्याला तिच्यात काही वावगे दिसत नाही, पण ती अफूच्या बोंडातील बी आहे. संयुक्त अरब अमिरातीत तिला मनाई आहे आणि सिंगापुरातही ती परवानगीशिवाय नेता येत नाही. घरचा काळा मसाला नेत असाल तर तो करणाऱ्या बाईंना खसखस घातली आहे का हे विचारावे, आणि शंका असेल तर मसाला नेऊ नये. गुटखा, खैनी आणि तोंडात धरायची तंबाखू सिंगापुरात आणण्यास बंदी आहे. ज्यांना सवय आहे त्यांना हे घरातच ठामपणे सांगावे, खिसे आणि चंची तपासावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत न्यायला भारतातील विमानतळांवर मनाई आहे, कारण त्यांतील तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. लोणचे व तूप हातातील बॅगेत अडवतात. मे महिन्यात नातेवाइकांसाठी मराठवाड्याचा केसर आंबा न्यावासा वाटतो, पण ताज्या फळांवर अनेक देशांत निर्बंध असतात, त्यामुळे ते टाळलेलेच बरे.

सातवी पायरी : वीज

सिंगापूर, मलेशिया आणि दुबईत तीन चपट्या खिट्यांचा सॉकेट असतो, त्यात आपली गोल खिट्यांची पिन बसत नाही. तिथे अडॅप्टर लागतो. थायलंड, व्हिएतनाम आणि बालीत आपला दोन गोल खिट्यांचा मोबाइल चार्जर बहुधा चालतो. एक अडॅप्टर आणि घरचा एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घेतला की चार मोबाइल चार्ज होतात. पॉवर बँक नेहमी हातातील बॅगेत ठेवावी, चेक-इन बॅगेत ती चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक विशेष परवानगीशिवाय नेता येते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते. तिच्यावरचा क्षमतेचा आकडा पुसला गेला असेल तर नवी घ्यावी. उड्डाणादरम्यान ती वापरू न देणाऱ्या विमान कंपन्याही आता आहेत.

आठवी पायरी : कागद आणि पैसे

परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विम्याच्या दोन-दोन प्रती काढून त्या झिपच्या पिशवीत ठेवाव्यात, कारण घामाने खिशातला कागद विरघळतो. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांत पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो भरून त्याची प्रतही त्याच पिशवीत ठेवावी. भारतातून निघताना प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंत भारतीय नोटा जवळ बाळगता येतात. परतल्यावर मुंबईहून घरी येण्यापुरत्या त्या वेगळ्या ठेवाव्यात.

शेवटी भरणे

कपडे गुंडाळून भरावेत आणि प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावा, म्हणजे एखादी बॅग उशिरा आली तरी कोणी घामेजलेल्या कपड्यांत राहत नाही. ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या सर्वांत वर ठेवाव्यात. कपड्यांच्या थरांत बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. लहान मुले असतील तर त्या पुड्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा खोल ठेवाव्यात. हातातील बॅगेत औषधे, पॉवर बँक, एक जोड कपडे, शाल आणि दस्ती एवढे हवेच. हॉटेलवर पोहोचल्यावर बॅग बंद ठेवू नये. एसी चालू असताना ती उघडी ठेवावी, कारण एसी खोलीतली ओल ओढून घेतो आणि रात्री पिळून टाकलेला सदराही त्याच हवेत सकाळपर्यंत वाळतो.